नागपूरचा फ्लॉवर आठवला
झिम्बाब्वे क्रिकेटवरच्या लेखात संघाच्या घसरणीचं सगळं खापर खेळाडूंच्या दर्जावर फोडलंय, ते काही पटलं नाही. २००० साली भारताविरुद्धच्या नागपूर कसोटीत फॉलोऑन (म्हणजे लगेच पुन्हा फलंदाजी) मिळाल्यावर त्यांच्या अँडी फ्लॉवरने नाबाद २३२ काढून सामना वाचवला होता. आपल्या फिरकीला गुडघा टेकवून रिव्हर्स स्वीप, तेही असं निवांत, जणू अंगणात सडा घालतोय! (त्याआधी दिल्लीत नाबाद १८३ करूनही बिचारा हरलाच.) २००३ च्या विश्वचषकात त्याने आणि गोलंदाज हेन्री ओलोंगाने आपल्या देशातल्या लोकशाहीच्या मरणाचा निषेध म्हणून काळ्या फिती बांधल्या, दोघांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द त्या स्पर्धेतच आटोपली. पुढच्या वर्षी स्ट्रीकचं कर्णधारपद गेलं आणि बरेच अनुभवी खेळाडू बंड करून बाहेर पडले. मग संघ उभा राहणार कसा? अष्टपैलू सिकंदर रझा एकटा किती गाडा ओढणार!