वरचा मजला रिकामा आहे

माझा भाचा स्वस्त शहराच्या शोधात होता. मुलगी पाहायला निघावं तसा तो गेलं वर्षभर गावोगाव हिंडत होता आणि प्रत्येक ठिकाणी पोहे खाऊन 'कळवतो' म्हणून परत येत होता.

राहतो पुण्यात, वाकडला. नोकरी कॉम्प्युटरवरची, त्यात कंपनीनं घरूनच काम करायची कायमची मुभा दिलेली. हिंजवडीचा ट्रॅफिक नुसता बाल्कनीतून बघायला महिन्याला ३२ हजार भाडं कशाला मोजायचं, हा त्याचा सवाल तसा रास्तच होता. त्यानं एक्सेलमध्ये तक्ता केला. वर शहरं: नाशिक, इंदूर, कोल्हापूर, नागपूर. बाजूला भाडं, वीज, दूध, कामवाली, पेट्रोल, पाळणाघर आणि सगळ्यात खाली 'इतर'.

"नागपूर शेवटी का रे?" मी फोनवर विचारलं.

"अल्फाबेटिकली आहे, मामा."

नाशिक इंदूरच्या आधी येतं अशी वर्णमाला मला कुठल्याच भाषेत ठाऊक नव्हती. पण मुद्दा वर्णमालेचा नव्हता, इभ्रतीचा होता. १९५६ पर्यंत आम्ही एका अख्ख्या राज्याची राजधानी होतो. १९५३ च्या नागपूर कराराच्या वाटाघाटींतून वर्षाकाठी एक अधिवेशन तेवढं पदरात पडलं. आणि आता भाच्याच्या तक्त्यात द्राक्षवाल्यांच्या मागे उभं राहायचं? मी म्हटलं, "तू ये. जानेवारीत ये." नागपूर दाखवायचं तर डिसेंबर-जानेवारीतच. हे सरकारलाही कळतं. मे महिन्यात अधिवेशन भरवायची हिंमत आजवर कुणी केलेली नाही.

तो आला. बरोबर भाचेसून आणि अडीच वर्षांची पोरगी. सकाळी पुण्यात वंदे भारतमध्ये बसले, संध्याकाळी अजनीला उतरले. स्टेशनबाहेर पाऊल टाकल्याबरोबर त्यानं रिक्षावाल्याला विचारलं, "किलोमीटरला काय पडतं?" रिक्षावाला माझ्याकडे बघून म्हणाला, "पावणे पहिल्यांदा आले वाट्टे."

दुसऱ्या दिवशी मी प्रचाराला लागलो. आधी तर्री पोहे. मग मेट्रो. सीताबर्डीच्या स्टेशनात दोन लाइनी एकमेकींना कशा छेदून जातात ते दाखवलं. वर्धा रोडवर तर गाडी थांबवून मान वर करायला लावली. खाली रस्ता, त्यावर उड्डाणपूल आणि त्याच खांबांवर सगळ्यात वर मेट्रो. लांबी ३.१४ किलोमीटर, गिनीज बुकात नोंद. "बरोबर पायची किंमत!" मी म्हणालो. हे वाक्य मी घरून पाठ करून निघालो होतो. भाचा म्हणाला, "हो, पण पार्किंगला किती घेतात?"

संध्याकाळी शेजारचे काका आले. रेल्वेतून रिटायर झालेले आहेत. त्यांच्या मते हा सगळा तक्ता फुकटचा उद्योग होता, कारण केंद्र सरकारनं घरभाडे भत्त्यासाठी शहरांना केव्हाच इयत्ता वाटून दिल्या आहेत. पुणे एक्स, नागपूर वाय, वर्धा झेड. भत्ता अनुक्रमे ३०, २० आणि १० टक्के. "आता बोला," काका म्हणाले, "सरकारच सांगून राहिलं नं का नागपूर स्वस्त आहे म्हणून!"

भाचा क्षणभर विचारात पडला. "म्हणजे वर्धा आणखी स्वस्त? एक कॉलम वाढवू का?"

काका चहा अर्धा टाकून उठले.

मग घरं बघणं सुरू झालं. मनीषनगर, बेसा, मानेवाडा. मनीषनगरात दोन बेडरूमचा फ्लॅट १४-१५ हजारांत मिळत होता, भाच्याचे डोळे चमकले होते, आणि तिथंच हे प्रकरण संपायला हवं होतं. पण आमचा प्रॉपर्टी डीलर भाड्याचं घर दाखवायला मनापासून तयारच नव्हता. "भाड्यानं काऊन राहता भाऊ? प्लॉट घेऊन टाका नं. आरएल आहे, रोड टच आहे, एअरपोर्ट पंधरा मिनटं." नागपुरात विकाऊ असलेली प्रत्येक जागा एअरपोर्टपासून पंधरा मिनिटांवर असते, मग ती उमरेड रोडला असो की काटोल रोडला. भाच्याला आरएल कळेना. नासुप्रनं, म्हणजे नागपूर सुधार प्रन्यासनं, लेआउट नियमित केल्याचं पत्र, असं मी समजावून सांगितलं. इथे स्थळ बघतानासुद्धा पत्रिकेआधी आरएल विचारणारी माणसं मी पाहिली आहेत.

प्लॉट म्हणजे तुरीचं कापलेलं शेत होतं. चार कोपऱ्यांना चुना लावलेले दगड. डीलरनं उजव्या पायाची चप्पल काढली आणि अंगठ्यानं मातीत रेघा ओढायला सुरुवात केली. "हा हॉल. ही मास्टर बेडरूम, हवा फुल. इकडे देवघर, ईशान्येला." अंगठा ढेकळाला अडला तिथं त्यानं बाथरूम दिलं. भाचेसून इतका वेळ गप्प होती. तिनं विचारलं, "किचन कुठे?" डीलरनं बोट केलं. तिथं एक बकरी तुरीची धसकटं चावत उभी होती. किचन तेवढं लगेच वापरात आलेलं होतं.

त्या रात्री बायकोनं वडा-भात केला होता. भरडलेल्या डाळीचे वडे भातात कुस्करून, वर हिंग-मोहरीची गरम फोडणी. दिवसभराच्या वणवणीनंतर सगळे मुकाट जेवत होते. फोडणीची पळी भाच्याच्या ताटावर धरून ती म्हणाली, "मी काय म्हणते, घर कशाला शोधून राहिले तुम्ही? आपला वरचा मजला रिकामाच आहे नं."

मला ठसका लागला. हिंगाचा असावा, असं सगळे धरून चालले.

भाच्यानं डावा हात पुसला, लॅपटॉप ओढला आणि नागपूरच्या रकान्यात, भाड्यासमोर, शून्य टाकलं. मामी भाडं घेणार नाही, असं अजून कुणीही म्हटलेलं नव्हतं. मग तो म्हणाला, "तुमच्याकडे दूध येतंच ना?" येतं. "आणि बाई?" बायको म्हणाली, "तिला सांगते वर जायला, तिला काय जड आहे?" शून्यं खाली उतरू लागली. जेवणं आटोपेपर्यंत नागपूर हे भारतातलं सर्वांत स्वस्त शहर झालेलं होतं, आणि त्या स्वस्ताईत शहराचा हात फारसा नव्हता. तक्त्यातलं 'इतर' म्हणजे मी होतो.

इथे वरच्या मजल्याबद्दल सांगायला हवं. तो रिकामा आहे हा बायकोचा समज. तिथे जुने दिवाळी अंक आहेत, मोडका आरामखुर्चीचा सांगाडा आहे, उन्हाळ्यातला कूलर आहे आणि दुपारी एक ते चार मी आहे. मी वर जाऊन वाचतो, असं घरात प्रसिद्ध आहे. अंक तोंडावर ठेवला की प्रकाश कमी होतो आणि वाचन गाढ होतं. पेन्शनीत मिळालेली ही एकच गोष्ट, जिच्यावर कर लागत नाही.

तेव्हा दुसऱ्या दिवसापासून मी नाशिकच्या बाजूनं बोलू लागलो.

"उन्हाळा विचारलास का?" मी म्हणालो. "२०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ वर गेला होता." कूलरचं सगळं शास्त्र सांगितलं. दरवर्षी एप्रिल लागला की ताट्या बदलायच्या, पंप जळला का बघायचं, टाकीत पाणी ओतत बसायचं. आणि पावसाळ्यात तोच कूलर नुसता चिकट वारा फेकतो, मग एसी. वीज आमच्या कोराडीला तयार होते खरी, पण महावितरणचा दर वाकडला जो तोच इथे. पहिली १०० युनिटं एका दरानं, ३०० पर्यंत दुसऱ्या, ५०० पर्यंत तिसऱ्या, आणि नागपूरचा मे माणसाला पायरी पायरीनं वर नेतो. सिलिंडर? पुण्यापेक्षा महाग. पाऊस? २०२३ च्या सप्टेंबरात एका रात्रीत अंबाझरी ओसंडला आणि नाग नदीकाठच्या घरांत पाणी शिरलं होतं. "त्यापेक्षा नाशिक," मी म्हणालो, "काय हवा! गोदावरी! मुंबई हाकेच्या अंतरावर!"

माझ्या तोंडून नाशिकची स्तुती ऐकून बायकोनं माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

शेवटचा उपाय म्हणून मी त्याला सावजीकडे नेला. सावजीचा रस्सा पुण्याच्या पोटाला मानवत नाही, अशी माझी पक्की समजूत. वर बोटभर तेलाचा तवंग, खाली काळ्या मसाल्याचा अंधार. भाच्याच्या कानशिलांवरून घाम ओघळू लागला, नाक वाहू लागलं, आणि मी मनात त्याला अजनीच्या फलाटावर निरोप देऊ लागलो. डोळे पुसत तो वेटरला म्हणाला, "दादा, अजून एक." बिल बघून तर तो हरखलाच. पुण्यात एवढ्यात नुसतं स्टार्टर येतं म्हणे. त्यानं तिथल्या तिथे मोबाइलवर तक्ता उघडून 'बाहेरचं जेवण' अशी नवी ओळ टाकली. नागपूर आणखी पुढे गेलं.

परतीच्या आदल्या संध्याकाळी आम्ही गच्चीत बसलो होतो. पोरगी माझ्या चष्म्याशी खेळत होती. भाचा म्हणाला, "मामा, एक राहिलं. वरचं मीटर वेगळं आहे ना?"

अंधारात मला वाट दिसली. "एकदम वेगळं!" मी म्हणालो. "स्वतंत्र कनेक्शन. बिल ज्याचं त्यानं भरायचं. मे महिन्यात तर..."

"अहो," बायको म्हणाली, "ते तुम्हीच काढायला लावलं नं मागच्या वर्षी? रिकाम्या मजल्याचा स्थिर आकार कोण भरत बसेल म्हणून."

विजेसमोर शून्य पडलं.

भाचेसुनेनं माझ्या हातातून पोरीला घेतलं. पाहणीभर मोजकंच बोललेली ती, आता फार गोड आवाजात म्हणाली, "मामा, तुम्ही दुपारी वर वाचत बसता ना, ते मात्र बंद करू नका हं. ही एक ते चार जागीच असते. तिच्याकडे लक्ष राहील तुमचं."

भाच्यानं पाळणाघराची ओळच डिलीट करून टाकली.