अपाय तर होणार नाही ना!

आपली कंबर गेली कित्येक वर्षे दुखत असेल आणि जिना दिसताच गुडघे कुरकुरू लागत असतील, तर झाडपाल्याच्या औषधाकडे वळण्यापूर्वी एक पथ्य कसोशीने पाळावे: दुखण्याचे कारण शोधू नये. कारण सापडले की उपचार त्या कारणापुरता करावा लागतो, आणि सांधे, पोट, झोप, केसगळती व चिडचिड या सर्वांचा एकाच चूर्णाने निकाल लावण्याचे सुख हातचे जाते.

वनस्पती निवडताना ती नैसर्गिक आहे एवढे पाहिले तरी पुरे. बचनाग नैसर्गिक आहे, धोतराही आहे, आणि सॉक्रेटिसाला दिलेला हेमलॉकचा पेला तर संपूर्णपणे वनस्पतिजन्य होता. परंतु असल्या उदाहरणांनी मन कलुषित करून घेऊ नये. आपल्याला एकाच वेळी दोन गोष्टींवर श्रद्धा ठेवायची आहे. ही मुळी जुनाट दुखणे समूळ उपटण्याइतकी जहाल आहे ही पहिली, आणि यकृत व मूत्रपिंडांजवळून जाताना ती पाण्याइतकी सौम्य होते ही दुसरी. या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून विचार करण्याची सवय असल्यास ती आधी सोडावी.

मात्रेबाबत ‘चिमूटभर’ हे माप सर्वोत्तम, कारण चिमूट ज्याची त्याची असते. विल्यम विदरिंग या इंग्रज वैद्याने फॉक्सग्लोव्ह या विषारी पण औषधी वनस्पतीच्या पानांची योग्य मात्रा ठरवण्यासाठी सुमारे दहा वर्षे रुग्णांच्या नोंदी ठेवल्या, त्यात विषबाधेच्या नोंदीही लपवल्या नाहीत, आणि १७८५ मध्ये ते सारे छापले. एवढा खटाटोप आपण करू नये. विलो या झाडाच्या सालीची कथा तर याहून दुःखद आहे. तिच्यातील सॅलिसिन या द्रव्यापासून निघालेली वाट १८९७ मध्ये बायर या जर्मन कंपनीच्या प्रयोगशाळेत ॲस्पिरिनपर्यंत पोहोचली, गोळीत नेमके किती द्रव्य आहे ते कळू लागले, आणि त्याच क्षणी बिचारी साल ‘केमिकल’ ठरून आपल्या मनातून उतरली.

हळदीत कर्क्युमिन हे औषधी मानले जाणारे द्रव्य जेमतेम तीन टक्क्यांच्या आसपास असते व तेही शरीरात नीट शोषले जात नाही, अशी कुरकुर कोणी केल्यास मिरीचा अर्क मिसळलेल्या कॅप्सूल घ्याव्यात. मिरीतील पायपरिन शोषण वाढवते, कारण परक्या द्रव्यांची विल्हेवाट लावणाऱ्या यकृतातील विकरांनाच (एन्झाइम्सनाच) ते आवर घालते. ती विकरे आपल्या इतर गोळ्यांचाही हिशेब ठेवत असतात, पण तो त्यांचा प्रश्न. रक्तदाब असलेल्यांनी ज्येष्ठमध रोज आणि भरपूर घ्यावे. त्याने पोटॅशियम उतरते व रक्तदाब चढतो, म्हणजे काहीतरी परिणाम होतो हे निर्विवाद सिद्ध होते. उदास वाटत असल्यास सेंट जॉन्स वर्ट हे विलायती झाडपाल्याचे औषध घ्यावे. त्याने गर्भनिरोधक गोळ्यांचा प्रभाव कमी होतो. पाळणा हललाच तर तीही निसर्गाचीच देणगी समजावी.

औषध केव्हा सुरू करावे, याला मात्र फार महत्त्व आहे. जुनाट दुखणे भरती-ओहोटीप्रमाणे वरखाली होत असते, म्हणून ते अगदी असह्य होईपर्यंत थांबावे आणि मगच पहिली पुडी घ्यावी. चार दिवसांनी दुखणे आपल्या वाटेने ओसरले की श्रेय पुडीला द्यावे. पुन्हा उसळले तर दोष आपल्या पथ्याला द्यावा. एकाच रात्रीत गुडघे तरुण झाले, तर पुडीत कोणी गुपचूप स्टेरॉइड मिसळले आहे काय, अशी क्षुद्र शंका मनात आणू नये. असे प्रकार तपासण्यांत अनेकदा उघडकीस आले आहेत खरे, पण गुण येत असताना तपासणी करणे हा कृतघ्नपणाच.

बेल्जियममध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस बारीक होण्यासाठी वनौषधी घेणाऱ्या शंभराहून अधिक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली किंवा बिघडली, कारण एका मुळीच्या जागी ॲरिस्टोलोकिया ही दुसरीच मुळी आली होती. दोन्ही मुळ्या नैसर्गिकच होत्या, हे मात्र कोणी ध्यानात घेतले नाही.

आता उरले डॉक्टर. शस्त्रक्रियेपूर्वी ते ‘सध्या कोणती औषधे चालू आहेत?’ असे विचारतील. गिंको या झाडाच्या पानांचा अर्क, लसणीच्या कॅप्सूल आणि रक्त पातळ करणारी गोळी असे सगळे एकत्र चालू असले, तरी फक्त गोळीचे नाव सांगावे. बाकीची काही औषधे थोडीच आहेत!