म्हादईची आग आणि कुमेरीवर फुटणारं खापर

उन्हं तापली की गोव्यातल्या म्हादई अभयारण्याबद्दलचा तो मेसेज पुन्हा फिरू लागतो: ‘म्हादईचं जंगल कुमेरीवाल्या आदिवासींनी जाळलं. जाळणं म्हणजे नासधूसच. त्यांना अभयारण्याबाहेर काढा, आग विझवायला हेलिकॉप्टर आहेत.’

आधी कुमेरी. डोंगरउतारावरचा तुकडा तोडायचा, वाळवायचा, पावसाच्या तोंडावर जाळून नाचणी-वरी पेरायची. म्हादईतल्या २०२३ च्या आगी भडकल्या त्या मार्चच्या सुरुवातीलाच, म्हणजे कुमेरी जाळायच्या बऱ्याच आधी. काजूच्या बागायतीत बोंडू दिसावेत म्हणून गवत-पाला जाळतात, ती आग कधी हाताबाहेर जाते, हे खरंच. पण या बागायती काय फक्त आदिवासींच्या आहेत? म्हादईच्या सत्तरी तालुक्यात कुणालाही विचारा.

‘जाळणं म्हणजे नासधूस’ हेही सरसकट खरं नाही. कर्नाटकातल्या बिळिगिरी डोंगरातले सोलिग आदिवासी उन्हाळा कडक होण्याआधी पाचोळा हलकेच जाळायचे. १९७४ मध्ये अभयारण्य झालं, जाळणं बंद पडलं. त्यानंतर घाणेरी माजली आणि आवळ्यावर बांडगूळ वाढलं, असं सोलिग सांगतात. संशोधकांनीही ते गांभीर्याने घेतलं. ऑस्ट्रेलियात पश्चिम आर्नहेम लँडमध्ये तर २००६ पासून सरकारसोबतच्या करारानुसार एका गॅस कंपनीने आदिवासी वनरक्षकांना अशाच लवकरच्या, छोट्या आगींसाठी अनेक वर्षं पैसे दिले.

हे सत्तरीत जसंच्या तसं करा, असं मी मुळीच म्हणणार नाही. ऑस्ट्रेलियातला गवताळ माळ वेगळा, आपलं सह्याद्रीचं दमट रान वेगळं. सत्तरीतल्या बांबर गावच्या निरंकाराच्या देवराईत आग शिरली तर दलदलीतली रानजायफळं संपलीच. कुठे आग नको, हेही गावानेच ठरवलंय. राई राखली ती त्यांनीच.

हेलिकॉप्टर? २०२३ मध्ये नौदल-वायुदलाने पाणी ओतलं, उपयोगही झाला. पण आपल्याकडची आग झाडांच्या छताखाली पाचोळ्यातून सरपटते, बुंध्यात धुमसत राहते. तिथे पायी जाऊन पाला ओढून पट्टा मोकळा करावा लागतो, हिरव्या डहाळ्यांनी बडवावं लागतं. मार्चमध्ये कुठल्या झरीला पाणी असतं, हे वरून दिसत नाही.

आणि ‘बाहेर काढा’? २००६ च्या वनहक्क कायद्याचं कलम ५ जंगल राखण्याचा अधिकार वनहक्कधारकांना आणि ग्रामसभेला देतं. शिवाय ज्याच्यावर आधीच संशय, तो धूर दिसला तरी फोन कशाला करील? त्यापेक्षा जानेवारीतच ग्रामसभा बोलवा. पाला कुठे झाडायचा, बागायती कधी आणि कुणाच्या देखरेखीखाली साफ करायच्या, राखणीला कोण जाणार, हे गावासोबत ठरवा. आणि राखणदारांची मजुरी आगीचा हंगाम सुरू होण्याआधी मंजूर करा.