50 मीटरचा टेप शाळेच्याच कपाटात असतो!

सांगली-मिरजेत मधल्या सुट्टीत कुठल्याही शाळेच्या फाटकाबाहेर उभं राहून बघा. बोबीची पाकिटं, वेफर्स, रंगीत सरबताच्या पिशव्या, सगळं फाटकाला खेटून! अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा 2020 चा नियम सांगतो की फाटकापासून 50 मीटरच्या आत, कुठल्याही दिशेला, जास्त चरबी-साखर-मिठाचे पदार्थ पोरांना विकायचे नाहीत. शाळेच्या उपाहारगृहातही नाहीत. शर्यतींसाठीचा मोजायचा टेप शाळेकडे असतोच. तो फाटकापासून एकदा तरी ताणलाय का कुणी? पत्र लिहून अन्न प्रशासनाकडं कोण पाठवणार? कुणीच नाही. टपरीवाला कुणाचा तरी पाहुणा असतो ना!

आणि आत, शाळेच्या पोषण आहारात, काय शिजतंय? पहिली ते पाचवीच्या पोराला रोज 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी, 5 ग्रॅम तेल. त्यातून 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत. पटावरची 60 पोरं हजर असतील तर 6 किलो तांदूळ, 1200 ग्रॅम डाळ, 3 किलो भाजी, 300 ग्रॅम तेल. 3 किलो भाजी म्हणजे भलीमोठी पाटी! पातेल्यात पडतात चार बटाटे आणि दोन टोमॅटो. वाळव्या-पलूसच्या मळ्यातनं मुंबईला भाजी जाते, आपल्याच पोरांच्या ताटात मात्र नाही.

डाळीचं तर बघवत नाही. 100 ग्रॅम तांदळातनं प्रथिनं मिळतात जेमतेम 7 ग्रॅम, बाकीची डाळीनंच भरून काढायची. डाळ निम्मी घातली की 12 चे साडेनऊच्या आसपास येतात. वर डाळ-तांदूळ एकाच डब्यानं मोजतात आणि पोरं वाढली की पाणी ओततात. डाळ तळाला बसते, पळी वरवर फिरते, पहिल्या रांगेला नुसतं पाणी. दोष स्वयंपाकाच्या मावशींचा नाही. तुटपुंज्या मानधनावर धुरात राबणाऱ्या बाईला साधा वजनकाटा तरी दिलाय का?

नियमानं जेवण वाढण्याआधी शिक्षकानं चव घ्यायची. वहीत आठवड्याच्या सह्या एकदम, एकाच पेनानं! मध्यान्ह भोजनाच्या 2015 च्या नियमांत आणखी आहे: तांदूळ किंवा इंधन नाही म्हणून जेवण मिळालं नाही, तर पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत पोराला अन्न सुरक्षा भत्ता द्यायचा. किती पालकांना हे कुणी सांगितलंय?

शाळा व्यवस्थापन समितीवर नाव लावलंय ना? मग उद्या साडेदहाला या. डाळ पातेल्यात पडायच्या आधी काट्यावर ठेवा, हजेरीला 20 नं गुणा आणि आकडा फळ्यावर लिहा.