चार-वीस-दहा-नऊ

पदवीला संख्याशास्त्र घेतलं की संध्याकाळी काही काम उरत नाही, असं मला ज्याने सांगितलं त्याला मी शोधतेय. त्या रिकाम्या संध्याकाळी फ्रेंचचा सर्टिफिकेट कोर्स कर, सीव्हीवर बरं दिसतं, हा सल्लाही त्याचाच.

सुरुवात गोड होती. शब्दाच्या शेवटची अक्षरं लिहायची पण उच्चारायची नाहीत, हेही पचलं. सबमिशनच्या आदल्या रात्री मीही जर्नलमध्ये कुणीच वाचणार नाही असं बरंच लिहिते. मिशी स्त्रीलिंगी आहे म्हटल्यावर वर्ग खो-खो हसला. आपली मिशीही ‘ती’च, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

घात केला आकड्यांनी. 69 पर्यंत फ्रेंच माणूस शहाण्यासारखा मोजतो. पुढे 70 म्हणजे साठ-दहा, 80 म्हणजे चार-वीस आणि 99 म्हणजे चार-वीस-दहा-नऊ! बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्ये 70 ला ‘सेप्तांत’ आणि 90 ला ‘नोनांत’ असे सरळ शब्द आहेत, हे मी वर्गात निदर्शनास आणलं. “मग तिकडेच अ‍ॅडमिशन घ्या,” मॅडम म्हणाल्या.

श्रवणाच्या परीक्षेत एक बाई कुणाच्या तरी फोनवर निरोप ठेवते. फ्रान्समध्ये दहा आकडी नंबर दोन-दोनच्या जोड्यांनी सांगतात. बाई म्हणते ‘स्वासांत’, मी 60 लिहिते. लगेच ‘दिस-सेत’ येतं. 60 खोडून 77. तेवढ्यात ‘कात्र’, म्हणून 4. त्याला ‘व्हँ’ चिकटतं, झाले 80. वर ‘कँझ’, म्हणजे 95. मी ते लिहीपर्यंत बाई निरोप घेऊन मोकळी. ध्वनिफीत दोनदा ऐकवतात. दुसऱ्या वेळी मी बरोबर होतं तेही खोडते. संख्याशास्त्राच्या पेपरला कॅल्क्युलेटर चालतो. इथे एका दमात चार गुणिले वीस अधिक पंधरा करायचं, आणि कॅल्क्युलेटर वर्गाबाहेर दप्तरात!

घरी रडगाणं गायले तर बाबा म्हणाले, “एकोणऐंशी म्हणजे तरी काय गं? ऐंशीला एक कमीच ना?” मुद्दा बिनतोड. पण फोन नंबर सांगताना ‘सात, नऊ’ म्हणायची सोय आपण ठेवली आहे, हे बाबा सोयीस्कर विसरतात.

दोन्हीकडच्या तोंडी परीक्षा एकाच दिवशी आल्या. सकाळी सरांना मी ‘वी’ म्हणाले, दुपारी फ्रेंचच्या परीक्षक बाईंना ‘हो’. बाईंनी फोन नंबर विचारला. माझ्या नंबरात 98 आहे, 79 आहे, 97 सुद्धा आहे. माझ्याकडे फोनच नाही, असं मी नकारार्थी वाक्यरचना चोख सांभाळून सांगितलं. बाई खूश. मग घरच्यांची वयं विचारली. आजी अठ्ठ्याहत्तरची. मी ‘स्वासांत’पर्यंत पोचले आणि तिथेच थांबले. साठची आजी काही वाईट नाही. फक्त त्याआधीच मी बाबांचं वय बिनचूक सांगून बसले होते: पंचावन्न.