अर्थिंगची पिन काढू नका

रेडिओची खरखर घालवायचे चार उपाय सांगणारा एक निरोप सगळीकडे फिरतोय. अर्थिंगची जाड पिन काढा, अडॅप्टरला आणि राउटरला अ‍ॅल्युमिनियम फॉइल गुंडाळा, वायरीवर फेराइटचा (एका चुंबकीय पदार्थाचा) मणी चढवा, पाठीमागे 'अँटी-रेडिएशन' स्टिकर लावा. मी तो वाचून सोडून दिला होता. परवा बाबा म्हणाले, "अ‍ॅम्प्लिफायरचा पत्रा हल्ली हाताला खरखरीत लागतो गं, मुंग्या येतात." प्लग काढून पाहिला तर तिसरी पिन गायब. निरोप वाचून बाबांनीच स्क्रू सैल करून ती काढली होती.

म्हणून आधी पिनेचंच. निरोपातल्या 'खरखर अर्थमधून चढते' या दाव्यात अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करते. एकमेकांना जोडलेली दोन उपकरणं वेगवेगळ्या ठिकाणी अर्थ झाली असतील तर त्यांच्यात एक फेरा तयार होतो आणि स्पीकरमधून ५० हर्ट्झची गुणगुण येते. पिन काढली की ती थांबते. पण दोन्ही प्लग एकाच बोर्डात लावले तरी ती बहुतेकदा जाते, नाहीतर ऑडिओच्या वायरीत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (दोन उपकरणांमधला थेट विजेचा संबंध तोडणारा) बसवता येतो. आणि मुळात ती गुणगुण आहे, रेडिओची खरखर नव्हे.

खरखरीच्या बाबतीत पिन काढणं उलट अंगाशी येतं. उपकरणात वीज शिरते तिथे फिल्टर असतो. त्यातले वाय-कपॅसिटर खरखर करणारा प्रवाह अर्थकडे वळवतात. अर्थ तुटला की त्यांची वाटच बंद होते. फेज आणि न्यूट्रलच्या मधोमध लटकलेली धातूची पेटी मग २३० व्होल्टच्या निम्म्यावर, म्हणजे ११५च्या आसपास राहते. बाबांना मुंग्या येत होत्या त्या याच. तो प्रवाह अगदी थोडा असतो. पण उद्या आतली फेजची वायर सुटून पत्र्याला टेकली तर? अर्थ शाबूत असेल तर त्याच क्षणी फ्यूज उडतो किंवा ब्रेकर पडतो. अर्थ नसेल तर काहीही घडत नाही, पेटी पूर्ण २३० व्होल्ट घेऊन कुणाचा तरी हात लागेपर्यंत तशीच बसून राहते. हे 'उपाय' म्हणून घरोघरी पाठवणाऱ्यांचा मला मनापासून राग आलाय. तुमच्या घरी कुणी अशी पिन काढली असेल तर ते उपकरण आत्ता बंद करा आणि प्लग बदला.

फॉइलचं उत्तर मानकांतच आहे. रेडिओतल्या व्यत्ययाच्या मर्यादा ठरवणारी सिस्पर ही आंतरराष्ट्रीय समिती १९३४ पासून आहे. तिच्या मानकांत १५० किलोहर्ट्झ ते ३० मेगाहर्ट्झ या पट्ट्यातला व्यत्यय मुख्यतः वायरीवर मोजतात, हवेतून मोजणं मुख्यतः त्याच्या वर. अख्खा मीडियम वेव्ह या खालच्या पट्ट्यात येतो. म्हणजे अडॅप्टरची खरखर वायरीतून बाहेर पडते आणि तीच वायर अँटेना होते. डब्याला फॉइल गुंडाळून तो फक्त तापेल, आणि फॉइल पिनांना टेकली तर शॉर्ट होईल. राउटरला गुंडाळलीत तर वाय-फायच जाईल.

मणी मात्र खरंच उपयोगी आहे, पण निरोपातल्यासारखा नुसता अडकवून नाही. मीडियम वेव्हवर एका वेढ्याने फारसा फरक पडत नाही. मोठा मणी घ्या, वायर त्यातून चार वेळा ओवा. अडथळा वेढ्यांच्या वर्गाने वाढतो, म्हणजे सोळा पटींच्या आसपास. आणि तो खरखर करणाऱ्या उपकरणाच्या अगदी जवळ बसवा.

स्टिकर कुठल्याच वायरीला जोडलेला नसतो, तो काहीही गाळत नाही.

खरखर कुठून येते हे शोधायला बॅटरीवरचा रेडिओ पुरतो. मीडियम वेव्हवर स्टेशन नसलेल्या जागी लावायचा, सगळे ब्रेकर बंद करायचे, मग एकेक चालू करत जायचं. बाबांच्या खोलीत पलंगाशेजारचा एलईडी दिवा लागला आणि खरखर सुरू झाली. तो दिवा बदलला. अ‍ॅम्प्लिफायरला तीन पिनांचा नवा प्लग लावलाय.