गोऱ्या साहेबावर शॉर्ट फिल्म काढताय? मग एवढं वाचाच

तर मंडळी, तुमच्याकडे एक बरा कॅमेरा आहे, एडिटिंग येतं असं स्वतःच सांगणारे दोन मित्र आहेत, आणि इंग्रज गेले तरी त्यांचे व्रण कसे उरलेत या विषयावर तुम्हाला शॉर्ट फिल्म काढायचीये. उत्तम. विषय सध्या चालतोय. फक्त एक पथ्य शेवटपर्यंत पाळा, व्रण जुना दिसला पाहिजे. अजून भळभळतोय असं दिसलं की फेस्टिवलवाल्यांचं सोडा, घरचेसुद्धा म्हणतात कशाला नसत्या भानगडीत पडतोस.

सुरुवात फोर्टातनं करा, सगळे तिथनंच करतात. सीएसएमटीच्या घुमटावर ड्रोन शॉट हवाच, पण त्या भागात ड्रोनची परवानगी मिळता मिळत नाही, बाजूला नेव्ही आहे, तेव्हा कुणाचं तरी फुटेज विकत घ्या आणि खाली सारंगी टाका. मग काळा घोडा. तिथे जुन्या वॉटसन हॉटेलची इमारत आहे, लोखंडी सांगाडा इंग्लंडवरनं जहाजानं आणून उभा केलेला, आणि आपल्या देशात सिनेमा पहिल्यांदा दाखवला तो इथेच, ७ जुलै १८९६ ला, ल्युमिए बंधूंच्या माणसानं. २०१९ मध्ये धोकादायक म्हणून रिकामी केली, वकिलांची ऑफिसं गेली, दुकानं गेली. तुम्ही मात्र फक्त गंजलेलं रेलिंग घ्या, स्लो मोशनमध्ये. भाडेकरू, मालक, म्हाडा हे फ्रेममध्ये आले की साम्राज्य राहतं बाजूला आणि प्रेक्षकांना आपल्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट आठवतं.

तिथल्या पुतळ्याची गोष्टही मोहात पाडेल, पण आवरा. सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा पुतळा १९६५ मध्ये उचलून राणीच्या बागेत नेला, जागेचं नाव काळा घोडाच राहिलं, मग २०१७ मध्ये तिथे नवा घोडा बसवला, बिनस्वाराचा. म्हणजे घोडा आपण परत आणला आणि साहेब तेवढा पेंग्विनच्या शेजारी राहू दिला. यावर खरंतर अख्खी फिल्म होते, पण ती विनोदी होईल आणि या कॅटेगरीत विनोदाला अवॉर्ड नाही.

साहेबाचा रोल कुलाबा कॉजवेवर मिळेल. बॅगा पाठीला लावून फिरणारा कुठलाही गोरा चालतो, रशियन असला तरी कलेक्टर म्हणून खपतो, मिशी लावा आणि बोलायला देऊ नका. आजी मात्र आपली पाहिजे, नऊवारीतली. तिनं ट्रंक उघडायची, आत एक फोटो, आजीच्या डोळ्यात पाणी, वर पंखा कुरकुरतोय, बस्स, चार मिनिटं निघाली. आजीनं मराठीत तीनच वाक्यं बोलायची, बाकी सगळी व्हॉइसओव्हर तुमची आणि तीही इंग्रजीत, त्यातल्या त्यात लंडनला शिकून आल्यासारखी. इंग्रजीनं आपली भाषा कशी हिसकावली हे इंग्रजीत सांगितलं की ज्यूरीला सबटायटल वाचायला लागत नाहीत. पैसे? ज्यांच्या विरोधात फिल्म आहे त्यांच्याच देशातली ग्रँट बघा, ते देतात हो, आनंदानं देतात.

पुण्याचे असाल तर प्लेग घ्या, हमखास. १८९७, प्लेग अधिकारी रँडचे सोल्जर बुटांसकट देवघरात घुसतायत, मग २२ जून, गणेशखिंड रस्ता, चापेकर, फेड आऊट. इथे थांबायचं म्हणजे थांबायचंच. ज्या साथरोग कायद्याच्या जोरावर हे सगळं झालं तोच १८९७ चा कायदा मार्च २०२० मध्ये आपल्या सरकारनं कपाटातनं काढून झटकला आणि लागू केला, हे फिल्ममध्ये घातलंत तर लोक गोंधळतात, कुणावर चिडायचं तेच कळत नाही त्यांना.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सोलापूरला जाऊ नका. तिथे गोरा नाही, कमानी नाहीत, लाईट पण डोळ्यावर येतो. एक वस्ती आहे फक्त, तिला लोक अजून सेटलमेंट म्हणतात, रिक्षावाल्यालाही तेच सांगायचं. इंग्रजांनी १८७१ ला कायदा केला की अमुक जमातीत जन्मला म्हणजे जन्मापासनंच गुन्हेगार, १९११ नंतर तो मुंबई इलाख्यात पण आला, आणि या लोकांना तारेच्या कुंपणात ठेवलं. रोजची हजेरी, बाहेर जायचं तर पास, कामाला गावातल्या गिरण्या. स्वातंत्र्य आलं १९४७ ला, यांचा कायदा गेला ३१ ऑगस्ट १९५२ ला, पाच वर्षं उशिरा. ती तारीख ते विमुक्त दिन म्हणून पाळतात, तुमच्या कॅलेंडरवर असेलच. मग १९५९ मध्ये आपल्या विधिमंडळानं सराईत गुन्हेगारांसाठी वेगळा कायदा केला, आणि जमातीचं नाव कायद्यातनं गेलं तरी पोलिसांच्या डोक्यात राहिलं. आजही तालुक्यात कुठं घरफोडी झाली की रात्री जीप आधी कुणाच्या पालावर जाते हे गावातल्या शेंबड्या पोराला माहितीये.

आणि समजा गेलातच तर तहसील कचेरीत तरी कॅमेरा नेऊ नका. तिथे याच जमातींतला एक कॉलेजचा पोरगा काउंटरला उभा असतो, जातीचा दाखला काढायला. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत रेशनकार्डाची झेरॉक्स, शाळा सोडल्याचा दाखला, सरपंचाचं पत्र. क्लार्क वर न बघता म्हणतो, २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा पुरावा आणा. आजोबाची शाळेची नोंद, नाहीतर जमिनीचा उतारा. ज्या आजोबाला शाळेत कुणी घेतलं नाही आणि गावात कुणी टिकू दिलं नाही त्याचा. कदाचित हजेरीच्या जुन्या रजिस्टरात नाव सापडेल, इंग्रजांनी लिहून ठेवलेलं, गुन्हेगार म्हणून. हा सीन फार वाईट आहे, यात एकही विंटेज वस्तू नाही, ट्यूबलाइट आहे, मागे योजनेचं पोस्टर आहे आणि पोरगा रडत पण नाही, नुसता ‘बरं साहेब’ म्हणतो. साहेब कोणाला म्हणाला ते एडिटमध्ये काढून टाका.

परवानग्यांचं थोडक्यात सांगतो. नाटकवाल्या मित्राला विचारा, तो हसेल. इंग्रजांनी १८७६ ला नाटकं थांबवायचा कायदा केला, १९१० ला खाडिलकरांचं ‘कीचकवध’ बंद पाडलं, आणि साहेब जाऊन एवढी वर्षं झाली तरी महाराष्ट्रात तिकीट लावून नाटक करायचं तर संहिता आधी परिनिरीक्षण मंडळानं वाचायची. सिनेमाचं सेन्सॉर पण १९१८ च्या कायद्यापासनं चालत आलंय. तेव्हा ‘त्यांनी आमचा आवाज दाबला’ या वाक्यावर बोर्डानं बीप मारायला सांगितलं तर वाद घालू नका, मारा बीप, इफेक्ट चांगला येतो.

स्क्रीनिंगनंतर प्रश्नोत्तरं असतात. खादीचा कुर्ता घाला, माइक दोन्ही हातांनी धरा, प्रत्येक उत्तराआधी पाच सेकंद थांबा. मागच्या रांगेतनं एखादा पोरगा उठून विचारेलच, सर तुमच्या फिल्ममध्ये आमची वस्ती का नाही. घाबरू नका. तो पुढचा प्रोजेक्ट आहे म्हणा, त्याचा नंबर घ्या, आणि ग्रँटच्या नव्या फॉर्मवर ‘स्थानिक समुदायाशी संवाद’ असा एक कॉलम असतो, त्यात टाकून द्या.